सगळेच फर्ग्युसन

भारतातून परदेशी फिरायला निघालेल्या मंडळींचा इथे राहणाऱ्यांना एक हमखास प्रश्न असतो. "तिकडे ड्रायव्हरसकट गाडी मिळते का हो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा महाबळेश्वर असतं. स्टँडवर जायचं, दरपत्रकावर बोट ठेवायचं, टॅक्सी ठरवायची आणि मग ड्रायव्हर नेईल त्या पॉईंटवर उतरून फोटो काढायचे. कुठल्या पॉईंटला आत्ता गेलं तर नुसतं धुकं दिसेल आणि मक्याचं कणीस कुठे चांगलं मिळेल, ही काळजी त्याची. अमेरिकेतला भाचा मात्र सांगतो, "अहो मामा, इथे गाडी भाड्याने मिळते, चालवायची आपणच." मामा हिरमुसतात. भाच्याला वाटतं, मामांना रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटतेय. तीही असेल. पण मुळात मामांना गाडी नकोच असते, त्यांना माणूस हवा असतो.

ही आपल्याकडच्या सुखवस्तू लोकांची खास हौस आहे असं समजायचं कारण नाही. ज्या युरोपियनांनी आणि अमेरिकनांनी पुढे नकाशा मांडीवर घेऊन स्वतः गाडी हाकायची पद्धत रूढ केली, तेही दीड-दोनशे वर्षांपूर्वी पर्यटनाला निघाले की आधी गाडीवान शोधत. त्या गाडीवानांचा इतिहास मोठा मजेशीर आहे, आणि थोडा लाजिरवाणाही. इंजिनियरच्या चष्म्यातून बघितलं तर ही एकाच कोड्याची निरनिराळ्या काळात शोधलेली उत्तरं आहेत. कोडं असं: एकाकडे पैसे आहेत, पण रस्ता, भाषा, भाव यातलं काहीच ठाऊक नाही. दुसऱ्याला सगळं ठाऊक आहे, पण पैसे पहिल्याच्या खिशात आहेत. दोघांना काही दिवस एकत्र काढायचेत आणि त्यानंतर आयुष्यात पुन्हा गाठ पडायची शक्यता जवळजवळ शून्य. मग विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर?

(आपल्या यात्रेकरूंनी हा प्रश्न फार छान सोडवला होता. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडे घराण्यांच्या वंशावळींच्या वह्या असत, अजूनही आहेत. आजोबा ज्यांच्याकडे उतरले त्यांच्याच वंशजांकडे नातू उतरणार. पुन्हा गाठ पडणार हे नक्की, त्यामुळे फसवाफसवीला आपोआप थोडा आळा. हौशी पर्यटकाला ही सोय नाही. तो एकदाच येतो.)

ठोक रकमेचा गाडीवान

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधले धनिक आपल्या मुलांना शिक्षण पुरं करायला फ्रान्स-इटलीत पाठवत. याला ग्रँड टूर म्हणत. रेल्वे यायची होती. इटलीत फिरायचे मुख्य मार्ग दोन. पहिला टपालाच्या घोड्यांचा. ठरावीक अंतरावर चौक्या असत, तिथे दमलेले घोडे सोडायचे, ताजे जोडायचे आणि पुढे सुटायचं. हा प्रवास वेगाचा पण महाग, शिवाय दर चौकीवर नवी हुज्जत. दुसरा मार्ग म्हणजे वेत्तुरिनो.

वेत्तुरिनो म्हणजे गाडी-घोडे घेऊन येणारा खाजगी गाडीवान. फ्लॉरेन्सपासून रोमपर्यंत, किंवा अगदी आल्प्स ओलांडूनसुद्धा, तो तुम्हाला त्याच घोड्यांवर नेई. घोडे बदलायचे नसल्याने त्यांना जपून हाकावं लागे. पहाटे अंधारात निघायचं, दुपारी घोड्यांना विश्रांती, संध्याकाळी मुक्काम. दिवसाला साधारण ३०-४० मैल. फ्लॉरेन्स ते रोम हा आजच्या वेगवान रेल्वेचा दीड तासाचा प्रवास, त्याला तेव्हा पाच-सहा दिवस लागत. पण रस्त्यात काय काय आहे ते बघून होई.

या सगळ्याचा लेखी करार होत असे आणि तो वाचण्यासारखा असे. एकूण रक्कम किती, दिवस किती, पुलांचे आणि नाक्यांचे पैसे कोणी द्यायचे, हे सगळं त्यात. रात्रीचं जेवण आणि बिछाना बहुधा त्याच रकमेत धरलेला. म्हणजे हॉटेलचा हिशोबही गाडीवानच बघणार. यातली गमतीची गोष्ट म्हणजे इसार. आपल्याकडे गिऱ्हाईक इसार देतं. इथे उलटं! सौदा पक्का झाला की वेत्तुरिनोच प्रवाशाच्या हातात थोडी रक्कम ठेवी, तिला काप्पार्रा म्हणत. याहून चांगलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून ऐन पहाटे तो गायब झाला तर त्याचे पैसे बुडत. आणि शेवटी ब्वोनामानो, शब्दशः 'चांगला हात', म्हणजे बक्षिशी. ती द्यायची पण त्याच्या वागणुकीवर ठरवून. सुरुवातीला त्याचे पैसे तुमच्याकडे अडकलेले, शेवटी तुमची बक्षिशी त्याच्या डोळ्यांसमोर. दोन्ही टोकांना एकेक खुंटी ठोकून मधला प्रवास ताणून बसवलेला. ज्याने कोणी हे बसवलं त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत असणार.

पण कुठल्याही यंत्रणेला गळती असतेच. रक्कम ठोक ठरलेली, त्यातूनच तुमचं जेवण आणि खोली, म्हणजे तुमच्या ताटात जितकं कमी तितकं वेत्तुरिनोच्या खिशात जास्त. म्हणून जाणते प्रवासी सरायांचा दर्जाही करारात लिहून घेत. आज 'ऑल इन्क्लुझिव्ह' सहलीत तिसऱ्या दिवशीही तोच नाश्ता समोर आला की समजावं, गळती अजून तिथेच आहे.

शाकुंतल डोक्यावर घेणारा जर्मन कवी गटे १७८६ साली इटलीत असाच वेत्तुरिनोबरोबर फिरला. ऑक्टोबरात फ्लॉरेन्सहून रोमकडे जाताना त्याला असिसी गावातलं मिनर्व्हाचं प्राचीन देऊळ बघायचं होतं. गाव डोंगरावर, रस्ता खालून. मग त्याने पायथ्याशी उतरून वेत्तुरिनोला सामानासकट पुढच्या फोलिन्यो गावी पाठवून दिलं आणि स्वतः सोसाट्याच्या वाऱ्यात डोंगर चढून गेला. देऊळ बघून बेहद्द खूश झाला. सेंट फ्रान्सिसचं जगप्रसिद्ध चर्च मात्र त्याने बाजूनेच टाळलं. पायी फोलिन्योकडे निघाला तर वाटेत शिपायांनी अडवलं. सभ्य गृहस्थ आणि चालत? आणि असिसीला येऊन मोठं चर्च न बघता निघाला? नक्की चोरटा व्यापार करणारा असणार! गटेने समजूत घातली आणि सुटका करून घेतली.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार आवडते. गाडीवानाबरोबर ठरलेल्या वाटेने जाणारा माणूस शिपायांना ओळखीचा होता. त्याच्यावाचून, स्वतःच्या मर्जीने हिंडणारा परदेशी हाच संशयाचा विषय होता. गाडीवान नुसता वाहतूक करत नव्हता, तो तुमचा जामीनही होता. ज्याच्या भरवशावर गटेने सगळं सामान पुढे पाठवलं, त्या वेत्तुरिनोचं नाव मात्र त्या पानांत येत नाही.

तर्जुमा करणारा

पूर्वेकडे, तुर्की साम्राज्यात, रस्तेच धड नव्हते, मग गाड्या कुठल्या? तिथे भाड्याने मिळे तो ड्रॅगोमन. शब्द विचित्र वाटतो, पण तो आपल्या घरातला आहे. अरबीत भाषांतर करणारा तो तर्जुमान. त्याचाच अपभ्रंश होत होत युरोपात ड्रॅगोमन झाला, आणि आपल्या मराठीत आला तो 'तर्जुमा'. मूळ त्याहून जुनं आहे, अक्कादी भाषेतल्या 'तर्गुमन्नू'पर्यंत जातं. म्हणजे दुभाष्या हा पेशा लिखित इतिहासाइतकाच जुना म्हणायला हरकत नाही.

पूर्वी ड्रॅगोमन हे मोठं मानाचं पद होतं. सुलतानाच्या दरबारी इस्तंबूलच्या ग्रीक घराण्यांतले विद्वान या जागेवर बसत. १८२१ साली ग्रीकांनी बंड केल्यावर दरबाराचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला आणि सरकारने भाषांतराची स्वतंत्र कचेरी उघडली. तिचं नावच 'तर्जुमे ओदासी', तर्जुम्याची खोली! पुढे आगबोटी सुरू झाल्या, इजिप्त-पॅलेस्टाईनला हौशी गोरे लोक येऊ लागले आणि दरबारातलं हे नाव बंदरावरच्या वाटाड्यांना चिकटलं.

हा वाटाड्या एकटा नसे. तंबू, खाटा, स्वयंपाकी, खेचरं, घोडे, रखवालदार हा सगळा लवाजमा त्याचा. पैसे माणशी, दर दिवसाला. करार वकिलातीत जाऊन करायचा, म्हणजे पुढे तंटा झाला तर दाद मागायला जागा राहते, असा सल्ला त्या काळची मार्गदर्शक पुस्तकं देत. कराराचा नमुनाही छापलेला असे.

या प्रवासाचं सर्वांत गाजलेलं वर्णन मार्क ट्वेनचं. १८६७ साली 'क्वेकर सिटी' नावाच्या बोटीने अमेरिकन प्रवाशांचा एक मोठा जथा भूमध्य समुद्राच्या सहलीला निघाला, त्यात वार्ताहर म्हणून तो होता. त्यावरचं 'द इनोसंट्स अब्रॉड' १८६९ साली आलं. बैरुतला आठ जणांनी मिळून अब्राहम नावाच्या माल्टाच्या ड्रॅगोमनला ठरवलं. माणशी रोज पाच डॉलर, तेही सोन्यात. हॉटेलसारखी बडदास्त ठेवू, या वचनावर ट्वेनचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्यक्षात आठ प्रवाशांच्या दिमतीला १९ नोकर आणि २६ खेचरं आली! तंबूत गालिचे, लोखंडी पलंग, टेबलावर स्वच्छ कापड. ट्वेन चाट पडला.

दिवसाप्रमाणे पैसे म्हटलं की गळती कुठे, हे सांगायला नकोच. वाटाड्याला घाई नसते. पण ट्वेनच्या तांड्यात उलटंच घडलं. सोबतच्या तिघा धार्मिक वृत्तीच्या प्रवाशांना रविवारी प्रवास करायचा नव्हता, म्हणून त्यांनी दमास्कसची तीन दिवसांची मजल दोन दिवसांच्या आत मारायला लावली. मरगळलेल्या घोड्यांचे हाल झाले आणि ट्वेन या धर्मनिष्ठेवर चांगलाच भडकला. स्वतःच्या घोड्यांना जपणारा वेत्तुरिनो आठवा. घोडं कोणाचं आणि घाई कोणाला, हे ज्या करारात लिहिलेलं नसतं तिथे भुर्दंड घोड्याला पडतो. आज बारा तास गाडी चालवून झाल्यावर "अजून एक स्पॉट होईल ना?" असं विचारणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

फर्ग्युसन

तिसरी पद्धत ट्वेनला पॅरिसमध्येच भेटली होती. तिथे त्याने आणि मित्रांनी एक वाटाड्या ठेवला. लूव्हर संग्रहालय बघायला निघालं की बग्गी हटकून रेशमी कापडाच्या दुकानासमोर उभी राही. एकदा झालं, दोनदा झालं, मग कळलं की खरेदीवर वाटाड्याला टक्केवारी मिळते. दीडशे वर्षं उलटून गेली, पण काही बदललेलं नाही. गालिचे, अत्तरं, पपायरस, दागिने. जिथे जाल तिथे 'फक्त बघायला' नेणारा कोणीतरी असतो.

तर मी म्हणतो ते एवढंच, की पैसे कोणत्या मापाने मोजता त्यावर गाडी कुठे वळते ते ठरतं. ठोक रक्कम दिली की गाडी स्वस्त सराईकडे वळते, रोजाने दिले की लांबच्या वाटेकडे, आणि मजुरी फारच घासून कमी केली की दुकानाकडे. "किती स्वस्तात ड्रायव्हर मिळाला!" असं कोणी कौतुकाने सांगितलं की मी हळूच विचारतो, खरेदी काय काय केली?

पण मघाशी लाजिरवाणा म्हटला तो भाग हा नव्हे. पॅरिसच्या त्या वाटाड्याचं आडनाव ट्वेनच्या टोळक्याला पसंत पडलं नाही, म्हणून त्यांनी त्याला फर्ग्युसन म्हणायला सुरुवात केली. (पुण्याच्या वाचकांनी दचकू नये, त्या कॉलेजशी याचा संबंध नाही.) हा विनोद इतका आवडला की पुढे प्रत्येक देशातला प्रत्येक वाटाड्या त्यांच्यासाठी फर्ग्युसन झाला. इस्तंबूलला त्यांना एक झकपक पोशाख करणारा वाटाड्या भेटला. त्याने 'फार-अवे मोझेस' या नावाने स्वतःची ख्याती कमावली होती. आपल्याला फर्ग्युसन म्हणतात हा त्याला घोर अपमान वाटला. ट्वेनने तोही हसत हसत लिहून ठेवला आणि पुढे म्हटलं की त्याला इलाज नाही, आमच्या लेखी सगळे वाटाडे फर्ग्युसनच.

पुस्तक विनोदी आहे आणि ट्वेन स्वतःच्या देशबांधवांचीही भरपूर टिंगल करतो, हे खरंच. तरी हे वाचताना हसू मधेच अडकतं. परदेशात काम करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांचं नाव इथल्या साहेबाला उच्चारता येत नाही म्हणून सॅम किंवा सँडी झालेलं असतं. फर्ग्युसन व्हायला वाटाड्याच असावं लागतं असं नाही.

वाटाड्याला हटवण्याचे प्रयोग

एकोणिसाव्या शतकात या माणसाला बाजूला करायचे दोन मोठे प्रयत्न झाले. पहिला पुस्तकाचा. जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकर याने आपल्या मार्गदर्शक पुस्तकांचा हेतू उघडच सांगितला होता: प्रवाशाला भाडोत्री वाटाड्यांच्या तावडीतून सोडवून स्वतःच्या पायांवर उभं करणं. रेल्वेच्या वेळा, हॉटेलांचे भाव, बक्षिशी किती द्यावी, काय बघावं, काय सोडावं, सगळं छापील. जगातली पहिली 'ऑफलाईन ॲप' म्हणा ना. तरी पॅलेस्टाईन-सीरियाच्या बेडेकरमध्ये ड्रॅगोमनशी करार कसा करावा यावर मजकूर द्यावाच लागला!

दुसरा प्रयत्न थॉमस कुकचा. १८४१ साली लेस्टर ते लफबरो अशी पाचेकशे लोकांची रेल्वे सहल काढून ज्याने सुरुवात केली, तो १८६९ साली इजिप्त आणि पॅलेस्टाईनला पोचला. त्याची युक्ती वेगळी होती. वाटाड्याला त्याने काढलं नाही, वाटाड्या आणि प्रवासी यांच्यामध्ये स्वतः जाऊन बसला. प्रवाशाने पैसे कुकला लंडनमध्ये द्यायचे, कुक तिकडे ड्रॅगोमनला देणार. मघाचं कोडं आठवा: प्रवासी एकदाच येतो, पण कुक दरवर्षी येतो. त्र्यंबकेश्वरच्या वह्यांचं काम आता कंपनीच्या खातेवहीने केलं. फसवाल तर पुढच्या वर्षी काम नाही. प्रवाशांच्या दृष्टीने हे उत्तम झालं, पण ड्रॅगोमनचा मालक बदलला. पूर्वी त्याला प्रवाशाशी घासाघीस करता येई, आता दर कंपनी ठरवणार. (ही कंपनी पुढे दीडशेहून अधिक वर्षं चालली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये दिवाळं निघून बंद पडली.)

या काळातला एक गाडीवान मात्र आपल्याला नावानिशी माहीत आहे. १८६६ साली अमेरिकेतल्या मेन राज्यातून दीडशेवर माणसं एका धर्मोपदेशकाच्या नादी लागून याफा बंदरात वसाहत करायला गेली. रोगराई आणि उपासमारीने वसाहत मोडली. त्यातली चाळीसेक माणसं परत निघाली ती ट्वेनच्याच 'क्वेकर सिटी'वर बसून. मागे राहिलेल्या थोड्यांत रोला फ्लॉइड होता. याफा ते जेरुसलेम हा गाडीरस्ता नुकताच होत होता. त्या रस्त्यावर प्रवाशांची घोडागाडी चालवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो एक झाला. गाडीवानाचा वाटाड्या झाला, कुकच्या कंपनीचं काम करू लागला, पुढे तिच्याशी फाटल्यावर स्वतःचा धंदा केला आणि १९११ साली तिकडेच वारला.

फ्लॉइडची पत्रं जपली गेली आणि १९८१ साली छापलीही गेली. ती का जपली गेली? कारण तो इंग्रजीत लिहीत होता आणि मेनमधल्या नातलगांना लिहीत होता. याफाच्या रस्त्यावर त्याच्या बरोबरीने घोडे हाकणारे, खेचरं लादणारे अरब गाडीवान शेकड्यांनी असतील. त्यांच्या आठवणी कोणी छापल्या नाहीत. ज्या प्रवासवर्णनांतून आपण तो काळ वाचतो, ती सगळी मागच्या सीटवरून लिहिलेली आहेत.

ड्रायव्हर वेगळा, बोलणारा वेगळा

मोटार आल्यावर अमेरिकेत एक नवाच प्रयोग झाला. सांता फे रेल्वेवर हॉटेलं आणि खानावळी चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने १९२६ साली न्यू मेक्सिकोत 'इंडियन डीटूर्स' सुरू केल्या. आगगाडीतून मधेच उतरायचं, मोठ्या ऐसपैस मोटारीतून दोन-तीन दिवस मूळ रहिवाशांची प्वेब्लो गावं आणि जुने अवशेष बघायचे, आणि पुन्हा पुढची गाडी पकडायची. गाडीत दोन माणसं. ड्रायव्हर पुरुष, काऊबॉयच्या पोशाखात, तो फक्त गाडी चालवणार. आणि माहिती सांगणार कुरियर म्हणून नेमलेली तरुण, कॉलेजात शिकलेली मुलगी, मखमली झगा आणि चांदीचे नव्हाहो दागिने घालून. या मुलींना पुरातत्त्वाचे जाणकार व्याख्यानं देत.

म्हणजे वेत्तुरिनो आणि ड्रॅगोमन यांच्यात एकत्र असलेली कामं इथे वाटून टाकली. हात एकाचे, तोंड दुसऱ्याचं, आणि दोघंही पगारी. माहितीचा दर्जा सुधारला यात शंका नाही. त्या काळात मुलींना असं मानाचं, हिंडण्याफिरण्याचं काम मिळालं हेही मोठंच. पण प्वेब्लोची गोष्ट प्वेब्लोतला माणूस सांगत नव्हता. तो खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचा भाग होता. पुढे मंदी आली आणि या सहली आटत गेल्या.

लंडनने तिसरीच वाट धरली. तिथे टॅक्सीवाल्याची परीक्षाच घ्यायची असं ठरलं. १८६५ पासून 'द नॉलेज' नावाची ही परीक्षा चालू आहे. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते, त्यावरची ठिकाणं आणि ३२० ठरलेले मार्ग तोंडपाठ हवेत. उमेदवार वर्षानुवर्षं मोपेडवर समोर नकाशा लावून गल्ल्या पालथ्या घालतात. समोरासमोर तोंडी परीक्षा, एकदा नव्हे, अनेकदा. तीन-चार वर्षं सहज जातात. २००० साली एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा जागांची स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. म्हणजे शहर नुसतं पाठ होत नाही, ते डोक्यात जागा करून बसतं.

माझ्या मते हे सगळ्यात सन्मानाचं उत्तर. गाडीवानाचं ज्ञान हे ज्ञान आहे हे समाजाने मान्य केलं, त्याची परीक्षा घेतली, त्याला बिल्ला दिला. आणि नेमकं तेच ज्ञान दहा-पंधरा वर्षांत फुकट झालं! २०१२ साली उबर लंडनमध्ये आलं. आता रस्ता फोनला ठाऊक. ड्रायव्हरला फक्त फोनचं ऐकायचं. ॲपवर त्याचं नाव दिसतं खरं, फोटोही दिसतो, पण शेजारी ४.८ की ४.६ हा आकडा असतो आणि नजर जाते ती आकड्याकडे.

आणि आता

तर मग परदेशात ड्रायव्हर घ्यावा का? इटलीत आजही तो मिळतो. वेत्तुरिनोच्या या वारसाला तिकडे सरकारी भाषेत 'नोलेज्जो कोन कोंदुचेंते', म्हणजे चालकासह भाड्याची गाडी म्हणतात, आणि त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. स्वतः गाडी चालवत गेलात तर जुन्या शहरांतल्या वाहनबंदीच्या क्षेत्रात नकळत शिरून दंडाची पत्रं घरी यायची शक्यता असते, त्यामुळे तिथे हा खर्च अगदीच वाया जात नाही. इटली, इस्राएल अशा देशांत गाईडला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे ड्रायव्हरने दारापर्यंत सोडून "आत तुम्ही जा" म्हटलं तर तो कामचुकार आहे असं समजू नये. अमेरिकेत ड्रायव्हर महाग पडतो, कारण इथे माणसाच्या तासाला किंमत आहे. मामांना ती डॉलर गुणिले रुपये करून ऐकवली की मामाच स्टिअरिंग हातात घेतात.

घ्यायचा ठरवला तर वेत्तुरिनोचा करार अजूनही उत्तम नमुना आहे. पेट्रोल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण आणि मुक्काम कोणाकडे, दिवसाचे तास किती, जास्त झाले तर दर काय, दुकानं टाळायची की नाही, सगळं आधी लेखी. मजुरी घासू नये. बक्षिशी वागणुकीवर, आणि हातात. आणि गटेसारखं कधीतरी त्याला पुढे पाठवून एखादा डोंगर स्वतः चढावा.

इंजिनियर मंडळी या कोड्याचं शेवटचं उत्तर शोधून बसली आहेत. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये २०२० पासून आणि सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ पासून कोणालाही वेमोची बिनड्रायव्हरची टॅक्सी बोलावता येते. फसवणूक नाही, दुकानं नाहीत, टक्केवारी नाही, बक्षिशी नाही. गाडी चोख चालते. पण "इथे जेवू नका, पुढे चांगलं मिळतं" असं ती म्हणत नाही, आणि मामांना हवं होतं ते तेवढंच.

जाता जाता, त्या फार-अवे मोझेसचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसची भव्य इमारत आहे, १८९७ साली उघडलेली. तिच्या खिडक्यांच्या कमानींवर जगातल्या निरनिराळ्या मानववंशांचे ३३ दगडी चेहरे कोरलेले आहेत. त्यातला एक चेहरा इस्तंबूलच्या या वाटाड्यावरून घेतलेला आहे. आत कपाटात ट्वेनचं पुस्तक, बाहेर भिंतीवर ज्याला त्याने फर्ग्युसन म्हटलं तो माणूस. चेहऱ्याखाली त्याचं नाव मात्र नाही, कारण शिल्पकारांना तिथे वंशाचे नमुने बसवायचे होते. कधी वॉशिंग्टनला आलात तर वर मान करून जरूर बघा. आणि तिथवर तुम्हाला कोणी गाडीने आणलं असेल, तर उतरण्यापूर्वी त्याचं नाव विचारून घ्या. उच्चार जमला नाही तर तोच दुरुस्त करून देईल.